बडीशेप

"आमच्या मुलाला सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही," त्याची आई मला म्हणाली. बघण्याचा कार्यक्रम हॉटेलात होता. तिच्या मागच्या भिंतीवर 'धूम्रपानास सक्त मनाई' अशी पाटी होती. बाबा मघापासून त्या पाटीकडेच बघत होते. टेबलाखाली त्यांचा पाय हलत होता. समोर मुलाचाही. ग्लासातलं पाणी थरथरत होतं.

"गाडी नीट लावली का बघून येतो," म्हणत बाबा उठले. लगेच मुलाला फोन आला. रिंग काही ऐकू आली नाही.

दोघं परतले ते जुने दोस्त असल्यासारखे, एकाच धुराचा वास घेऊन. हृदयाच्या ऑपरेशननंतर सिगारेट सुटली असं सगळ्यांना सांगणारे बाबा खुशीत म्हणाले, "आम्हाला मुलगा पसंत आहे!"

तेवढ्यात बडीशेप आली. आईने रोजच्यासारखी, मान वर न करता, वाटी बाबांपुढे सरकवली. मग अगदी तशीच, मान वर न करता, त्याच्या आईने ती उचलून त्याच्यापुढे ठेवली.

त्याचा हात पोचण्याआधी मी वाटी उचलून वेटरला परत दिली. दोन्ही आयांकडे बघत म्हणाले, "मला नाही जमायचं हे."