प्रार्थणा

सहावी चिठ्ठी उघडली आणि सातपुते सरांनी चष्मा नाकावर सरकवला.

"पुन्हा तेच," ते माईकवर म्हणाले. "‘प्रार्थणा’. अहो, प्रार्थनेत बाणातला ‘ण’ नसतो, नळातला ‘न’ असतो. देवाला कसंही कळतं. पण देवाच्या घरात तरी शुद्ध लिहा."

बाकांवर हसू फुटलं. मागच्या बाकावरची तानाबाई पदर तोंडाला लावून खाली बघत राहिली.

ही चिठ्ठी आज चौदाव्या रविवारी चर्चच्या प्रार्थनापेटीत आली होती. बिननावाची. दर वेळी तोच मजकूर. ‘एका बापासाठी प्रार्थणा करा. त्याच्या तोंडातनं पोराचं नाव निघत न्हाय.’ अक्षर असं, की पहिलीतल्या पोरानं पाटीवर काढलंय.

लकव्याचा पेशंट असणार, सरांनी पहिल्याच दिवशी ठरवलं होतं. वाचा गेलेला.

सर मंडळीचे वडील. म्हणजे पाळकांसोबत, पाद्रींसोबत, चर्चचा कारभार बघणारे. चिठ्ठ्या वाचून प्रार्थना त्यांनीच करायची. आणि करायचे पण झकास. लोक डोळे पुसायचे. त्या लकवेवाल्या बापासाठी तर तेरा रविवार त्यांनी जीव ओतला होता.

अख्ख्या मंडळीचे वडील. पण एका पोराचे वडील म्हणून आठ महिने खोटं बोलत होते. आदर्श पुण्याला, कंपनीत. सुट्टी मिळत नाही.

आदर्श कळंब्याच्या जेलमध्ये होता. भांडणात एकाचं डोकं फोडलं होतं त्यानं. आई नव्हती. सर एकदाही भेटायला गेले नव्हते. हजार पोरांचं शुद्धलेखन सुधारलेला माणूस. चौथीत याच शुद्धलेखनावरून आदर्शच्या तळहातावर लाकडी पट्टी मोडली होती त्यांनी. तेव्हापासून पोरगा हाताबाहेरच गेला, असं ते म्हणायचे.

तानाबाईचा गुंडूही कळंब्यालाच आत होता. ती मात्र दर रविवारी उभी राहून मोठ्यानं सांगायची, "माझा गुंडू आत हाय, त्याच्यासाठी मागा." सरांनाच मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. असं चारचौघांत सांगतात का?

काल वकिलाचा फोन आला होता. "सोमवारी तारीख आहे. वडील कोर्टात उभे राहिले तर जामिनाचं काहीतरी बघता येईल. नाहीतर अवघड आहे, सर."

सरांनी फोन कट केला होता. मग दिवसभर देवाला एकच गोष्ट वेगवेगळ्या भारी शब्दांत सांगत होते. त्याला सोडव. पण मला तिथं उभं करू नको.

मंडळी उभी राहिली. सरांनी डोळे मिटले.

"हे सर्वसमर्थ, दयाघन पित्या. त्या पित्याच्या जिभेची गाठ सोड. त्याच्या मुखातून त्याच्या पुत्राचे नाव..."

आवाज बसला.

ते खोकले. "पुत्राचे नाव," पुन्हा म्हणाले. पुढचं सगळं पाठ होतं. तेरा वेळा म्हणलेलं. पण पुढचं वाक्य निघेना. पंखा खडखडत होता. पाळकांनी एक डोळा उघडून बघितलं. सरांनी माईकचा दांडा धरला. आधाराला.

काहीच सुचेना. एक भारी शब्द सापडेना.

सर गुडघ्यावर आले. गुडघे कटकन वाजले. माईक वरच राहिला.

"देवा, मला जमंना," ते म्हणाले. "माझा आदर्श पुण्यात न्हाय. कळंब्याला हाय. आठ महिनं. मी एकदाबी गेलो न्हाय. उद्या कोर्टात उभं राहायचंय. माझ्यात बळ न्हाय रं देवा. तू ने मला. हाताला धरून ने."

आमेन म्हणायचं राहूनच गेलं. मागच्या बाकावरून तानाबाईनं म्हणलं.

बाहेर आल्यावर कुणी काही विचारलं नाही. "सलाम, सर. सलाम." लोक हात दाबून जात होते. पाळक फक्त एवढंच म्हणाले, "उद्या किती वाजता? मी येतो."

सर फाटकाकडं निघाले. उद्या काय होईल, काही ठाऊक नव्हतं. मुठीत ती चिठ्ठी तशीच चुरगळलेली.

"ही कुणाची ओ?" त्यांनी फाटकापाशी विचारलं.

"म्या टाकते," तानाबाई म्हणाली.

"तुमी?" सर म्हणाले. "मग मला त्यांचं घर दाखवा. लकवा झालेल्यांचं. आज मी आपलंच रडत बसलो, त्यांच्यासाठी मागायचं राहिलं. माफी मागून येतो त्यांची."

"लकवा?" तानाबाई फसकन हसली. मग हसता हसता तिचे डोळे भरले. "लकवा न्हाय ओ कुणाला. आणि आता मागाय बी नगो. निघालं की नाव."

सरांनी चिठ्ठी उलगडून पुन्हा बघितली.

"सर, त्यो ‘ण’ बी माझा न्हवं. मला कुठलं लिवाय येतंय! जेलात गुंडूला भेटाय गेलं की त्यो बी येतोय भेटीच्या काचंपाशी. तिथल्या फोनवर मला नीट ऐकाय येत न्हाय. म्हणून तुमचा आदर्श पलीकडनं तळहातावर लिवून दाखवतोय. म्या निस्तं बघून गिरवते."