कॅसेटमधलं स्थळ

प्रत्येक नवं यंत्र माणसाची बघायची रीतच बदलतं, असं बापू कॉलेजात दरसाल घसा फोडून शिकवत. घरी मात्र दुबईच्या स्थळाने स्वतःची व्हिडिओ कॅसेट पाठवली, तेव्हा त्यांनी लेकीला, जयूला, साडी नेसवून, मान खाली घालून टीव्हीपुढे बसवलं.

भाड्याने आणलेल्या व्हीसीआरवर मुलगा कॅमेऱ्यामागच्या आपल्या मामाच्या प्रश्नांना फटाफट उत्तरं देत होता. बायकोने शिकावं, नोकरी करावी, हवं तेव्हा माहेरी जावं.

"एकदम सही मुलगा आहे हो! फोन लावा नि हो सांगून टाका," स्थळ आणणाऱ्या शैलाकाकूंनी सौदा मिटवला. बापूंनी रिसीव्हर उचललासुद्धा.

जयूला मात्र काहीतरी खटकलं. समोर बसलेल्या मुलाकडे टक लावून बघायची सोय नसते, इथे होती. तिने रिमोट घेतला, टेप मागे नेली, आवाज बंद केला आणि पुन्हा बघू लागली. मग पुन्हा मागे नेली.

"अगं बाई, मुक्या मुलात काय एवढं बघतेस?" आई करवादली.

"त्याला नाही गं. मागे सोफ्यावर त्याची आई बसलीय ना, तिला बघतेय. प्रत्येक उत्तराला आधी तिचे ओठ हलतात, मग त्याचे."