वायरीतच काहीतरी आहे

“वायरिंगमध्ये काही दोष नाही,” वायरमन म्हणाला आणि गाडीच्या मागच्या हुकापाशी टेकलेला गुडघा झटकत उठला.

हे ऐकून एखाद्याला आनंद झाला असता. तपासनिसांचं तोंड उतरलं. तपासनीस हे त्यांना गल्लीने दिलेलं नाव. कुलूप लावलं की ते पुन्हा पुन्हा ओढून बघत, आणि गॅस बंद केलाय ना, या शंकेने अर्ध्या वाटेतून परत येत. निवृत्त झाल्यावर त्यांनी हौसेने मुक्कामाचा ट्रेलर घेतला. दोघांची झोपायची सोय, छोटा फ्रिज, दिवे, आणि हे सगळं चालवायला एक बॅटरी. गाडी ट्रेलर ओढत असताना तिच्या इंजिनावरच ही बॅटरी चार्ज झाली पाहिजे, म्हणजे कुठे प्लग शोधत फिरायला नको, एवढीच त्यांची अट होती. त्या अटीपायी ट्रेलर वर्षभर अंगणात उभा होता.

आधी वायर बारीक निघाली. गाडीकडून निघालेला करंट ट्रेलरपर्यंत पोचेतो दमून जाई. त्यांनी बोटाएवढी जाड वायर ओढली. मग फ्यूज चुकीचा वाटला. मग उभ्या गाडीत फ्रिजने गाडीचीच बॅटरी पिऊन टाकू नये म्हणून मध्ये जोडणी आपोआप तोडणारा रिले बसवला. मग गाडी आणि ट्रेलर जोडणारा प्लग बदलला, कारण जुना त्यांना सैल वाटला. प्रत्येक वेळी निघायचा दिवस ठरे, बायको डबे भरे, आणि आदल्या संध्याकाळी हे हात पुसत आत येऊन म्हणत, “वायरीतच काहीतरी आहे.” बायको डबे रिकामे करी.

तिला तळं बघायचं होतं, डोंगर बघायचे होते, आणि तेही याच माणसाबरोबर. पण आता तिचा धीर सुटला होता. आज निघालो नाही तर ट्रेलर विकायचा, असं तिने बजावलं होतं. संध्याकाळी गिऱ्हाईक बघायला येणार होतं.

“नीट बघितलंत ना?” तपासनिसांनी वायरमनला विचारलं. “आकडा म्हणावा तसा चढत नाहीये.”

“उभ्या गाडीत एवढाच चढणार, काका. रस्त्यावर घ्या, इंजिन जरा पळू द्या, मग मीटर बघा.” वायरमनने पिशवी उचलली आणि तो गेला.

“आज नको,” तपासनीस बायकोला म्हणाले. “आज माझा खांदा धरलाय.”

“तुम्ही मीटर धरा. गाडी मी चालवते.”

ती स्टिअरिंगवर बसलीसुद्धा. फाटक समोरच होतं. तपासनीस कसेबसे शेजारी बसेपर्यंत ट्रेलर गल्लीच्या तोंडाशी पोचला होता.

मोकळा रस्ता लागला तसा मांडीवरच्या मीटरचा आकडा चढू लागला. तेरा व्होल्ट झाले, मग आकडा चौदाला टेकला. “घेतेय, घेतेय,” तपासनीस पुटपुटले. हट्टी पोर जेवायला लागल्यावर आई जशी बघते, तसे ते त्या आकड्याकडे बघत होते. वर्षभराची मेहनत फळाला आली होती आणि त्यांना मनापासून बरं वाटत होतं. मग त्यांना पुढचं आठवलं.

“झालं की काम. आता पुढच्या चौकातून वळव.”

चौक आला आणि गेला. पेट्रोल पंपही मागे पडला.

“अगं, संध्याकाळी गिऱ्हाईक यायचंय.”

“त्याला सकाळीच कळवलंय, येऊ नका म्हणून.”

“म्हणजे?”

“म्हणजे मागे ट्रेलरमध्ये डबे भरून ठेवलेत.”

तपासनिसांनी पुन्हा मीटरकडे बघितलं. वायर शाबूत होती, फ्यूज शाबूत होता, आकडा चढलेला होता. आता बोट दाखवायला काहीच उरलं नव्हतं. त्यांचे कान लाल झाले.

“मुक्कामाला पोचलो की ट्रेलर रिव्हर्स घेऊन जागेत लावावा लागतो,” ते शेवटी म्हणाले. “मला ते जमत नाही. स्टिअरिंग इकडे फिरवलं की तो तिकडेच जातो. आणून देणाऱ्याने एका दमात लावला आणि मी, इतकी वर्षं गाडी चालवणारा माणूस... चारचौघांत फजिती होईल गं माझी.”

ते अगदी रडायच्या बेताला आले होते. वर्षभर त्यांनी एवढी तांब्याची तार ओढली, ती एवढीशी गोष्ट झाकायला.

बायकोने रस्त्यावरची नजर हलवली नाही.

“पहिल्याच आठवड्यात खिडकीतून बघितलंय मी. तुम्हाला वाटलं, मी झोपलेय. गाडी एकीकडे, ट्रेलर एकीकडे, आणि मधे तुमचं तोंड.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही वायरीचं नाव पुढे केलंत. मी म्हटलं, असू दे.” तिने मागच्या ट्रकला पुढे जायला वाट दिली. “वाटेतल्या सगळ्या मुक्कामांना फोन करून झालेत. एका बाजूने शिरायचं आणि दुसऱ्या बाजूने निघायचं, असल्याच जागा घेतल्यात. मागे घ्यावा लागणार तो एकदाच, परत आल्यावर आपल्या दारात. आणि तिथे आपण गल्ली झोपल्यावर पोचू.”