राक्षसाच्या आतला माणूस

दर शनिवारी दंतवैद्याच्या दिवाणखान्यात मित्रमंडळी जमत आणि जुने, स्वस्तातले राक्षसपट लावून पोट धरून हसत. त्या संध्याकाळचा चित्रपट त्याने कुठूनसा पैदा केला होता.

"चेन बघा, चेन! राक्षसाच्या पाठीला चक्क चेन आहे!"

"आणि चालताना धाप लागतेय बिचाऱ्याला," दंतवैद्याची बायको म्हणाली. "भाऊजी, आत कोण असेल हो?"

प्रश्न भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाला होता, आणि त्याला उत्तर नेमके ठाऊक होते. आत त्याचे वडील होते. ते जाऊन बरीच वर्षे झाली होती. ते काय काम करीत, हे त्याने या घरात कधीच सांगितले नव्हते.

"असेल कोणी पोटार्थी," तो म्हणाला. "तोंड दाखवायची लायकी नसली, की माणूस रबरात शिरतो."

सगळे खदखदून हसले. पडद्यावरचा राक्षस थांबला.

चित्रफितीला कान नसतात, हे सांगायला भौतिकशास्त्र लागत नाही. तरीही राक्षसाने मान खाली घातली, तो दोन पावले मागे सरला आणि चौकटीबाहेर निघून गेला.

चित्रपट चालूच राहिला. नायिका मोकळ्या जागेकडे पाहून किंचाळली. माणसे जीव मुठीत धरून पळाली. मागे कोणीच नव्हते.

"अहो, हा गेला कुठे?" वहिनींचा आवाज बारीक झाला होता.

मग बाहेर जिन्यावर रबर घासल्याचा आवाज आला. जड पावले एकेक पायरी चढत दाराशी आली आणि थांबली.

दार नुसतेच लोटलेले होते. ते कोणी ढकलले नाही, वाजवलेही नाही. मुलाचे मित्र बसलेले असले, की त्याने हाक मारल्याशिवाय वडील कधीच आत येत नसत.