चंद्रावरचं भाड्याचं घर

शेवटच्या बाकावर म्हातारे टिपणीस ओळख न देता अंग चोरून बसले होते. वर्गात दोन जुन्या विज्ञानकथांची तुलना चालली होती आणि त्यातली चंद्रावरची कथा त्यांची होती.

"दोन्हींतली यंत्रं आता हास्यास्पद वाटतात," एक विद्यार्थिनी म्हणाली. टिपणीसांनी मान खाली घातली. "पण एकीत नुसती यंत्रंच आहेत, चंद्रावरच्या कथेत माणसं आहेत. तिथंही एकट्या बाईला कुणी भाड्यानं घर देत नाही. मीही घरासाठी किती वणवण केली."

"शेवट मात्र भाबडा," सर म्हणाले. "घरमालकीण आपणहून किल्ली देते म्हणे."

ही टीका टिपणीस आयुष्यभर ऐकत आले होते.

मुलीनं पर्समधून किल्ली काढून बाकावर ठेवली. "काल मिळाली, सर. मालकीणआजींनी वर चहाही पाजला."

टिपणीसांनी मागच्या भिंतीला निवांत पाठ टेकली.