पिवळ्या बग्गीचा पापुद्रा

चौथ्यांदा रिमोटवर पळणारी छोटी बग्गी सफरचंदाच्या झाडावर आपटली तेव्हा गुनवोरने स्वयंपाकघराची खिडकी उघडली.

"उजवा हात खिशातून काढायचा नाही हं! लबाडी चालणार नाही."

"काढतोय कोण?" सिक्स्टन बायकोकडे न बघताच म्हणाला. रिमोटचं मोठं चाक काढून त्याने अंगठ्याने फिरणारं छोटं चाक बसवलं होतं. एका डाव्या हातात वेगही आणि वळणही. पुढच्या फेरीला बग्गी झाडाला वळसा घालून सुसाट निघाली आणि सिक्स्टनने अंगणात चक्क उडी मारली. साठी उलटलेल्या माणसाला ते शोभलं नाही, पण त्याला कुठली पर्वा!

सगळा हिवाळा त्याने गॅरेजात काढला होता. नवी मोटर, धक्के झेलणाऱ्या नळ्यांत दाट तेल, खडीला धरून राहणारे काटेरी टायर. आज क्लबच्या कपाची शर्यत होती.

हा कप वर्षानुवर्षं फोल्केच्या घरी जायचा. फोल्के म्हणजे गुनवोरचा भाऊ. सिक्स्टन दरवेळी दुसरा. गेल्या पानगळीत फोल्के आजारी पडला, दवाखान्यातून घरी आला आणि आपल्या सगळ्या बग्ग्या विकून मोकळा झाला. शर्यतीचं पुन्हा नाव काढलं नाही. कोणी फोन केला तरी उचलायचा नाही.

आणि सिक्स्टनला पहिलं यायचं होतं. अगदी लहान मुलासारखं, मनापासून.

"तू हो पुढे," दालचिनीचे पाव डब्यात भरत गुनवोर म्हणाली. "मला वाटेत एक काम आहे."

"वेळेत ये म्हणजे झालं."

क्लबचा ट्रॅक रेतीच्या जुन्या खाणीत होता. नावं लिहून घ्यायला बेरित बसली होती. तिची जीभ कुठल्याही बग्गीच्या पुढे धावायची.

"या, यंदाचे विजेते! आता फोल्के नाही म्हटल्यावर काय, वासरांत लंगडी गाय शहाणी!"

बाकीचे खो खो हसले. सिक्स्टनच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. हेच वाक्य तो हिवाळाभर मनातल्या मनात ऐकत होता. खरं होतं म्हणूनच झोंबत होतं.

"आणि ही जुनी बग्गी कशाला आणलीस रे?" बेरितने त्याच्या पेटीत डोकावून विचारलं.

"असू दे. लागली तर."

"बरं, नवीचा पापुद्रा सोल की. रंग तरी बघू."

बग्गीची पारदर्शक बॉडी आतून रंगवतात. बाहेरचा पातळ पापुद्रा शर्यतीच्या दिवशीच सोलायचा, आधी सोलला तर अपशकुन, असं या मंडळींचं पक्कं मत. तोवर रंगाच्या फवाऱ्याने मळलेल्या पापुद्र्याखालचं धड काही दिसत नाही.

सिक्स्टनने खाणीच्या वाटेकडे पाहिलं. धुरळा उडवत गुनवोरची मोटार येत होती. त्याने नखाने पापुद्र्याचं टोक धरलं आणि सर्रकन ओढलं.

लखलखीत पिवळ्यावर काळ्या ठसठशीत अक्षरांतलं नाव उघडं पडलं. ते वाचून बेरित गप्प झाली. बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच.

मोटारीचं दार उघडलं. फोल्के सावकाश उतरला. त्याचा उजवा हात लुळा लोंबत होता. सिक्स्टनने रिमोट त्याच्या डाव्या हातात ठेवला आणि पेटीतून आपली जुनी बग्गी बाहेर काढली.

फोल्केने अंगठ्याने छोटं चाक फिरवून पाहिलं. मग पिवळ्या बग्गीवरचं स्वतःचं नाव वाचलं, आणि बुटाच्या टोकाने तिची शेपटी हलकेच दाबली.

"मागचं तेल पातळ करा जरा," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "नाहीतरी दुसरं यायची भारी हौस दिसतेय तुम्हाला, दाजी."