पैजेत नसलेला प्रश्न

"बाई, त्या दोऱ्यांना कसं कळतं, कुठे धरायचं ते?"

भोंगा हे विचारणारच नाही, अशी मैत्रिणींची पैज होती. भोंगा म्हणजे वर्गातला सगळ्यांत मोठा आवाज. तिने उभं राहून विचारलं. मागच्या बाकावर खसखस पिकली.

जीवशास्त्राच्या बाई हसल्या नाहीत. फळ्यावर पेशी काढत त्यांनी सांगितलं, की पेशीची विभागणी सुरू झाली की प्रत्येक गुणसूत्राच्या कमरेला प्रथिनं थरावर थर रचतात आणि दोन बाजूंना दोन कड्या तयार होतात. त्यांचं नाव कायनेटोकोर. पेशीच्या दोन टोकांकडून सूक्ष्मनलिका, म्हणजे भोंग्याचे दोरे, वाढत येतात. त्यांना कळत काहीच नाही. चाचपडतात, आखडतात, पुन्हा वाढतात. कडी सापडली तर धरतात.

"आणि चुकीचं धरलं तर?" हे पैजेत नव्हतं.

कधी कधी दोन्ही कड्यांना एकाच टोकाचे दोरे लागतात, बाई म्हणाल्या. मग ताणच बसत नाही. ताण नाही म्हणून ते सुटतात, आणि पुन्हा चाचपडणं. "एक जरी गुणसूत्र नीट लागायचं राहिलं ना, तरी अख्खी पेशी त्याच्यासाठी थांबते."

भोंगा पैज जिंकली, पण घरी येईपर्यंत डोक्याचा पार भुगा झाला होता.

टेबलावर विषयनिवडीचा अर्ज होता. उद्या शेवटची तारीख. बाबा कवळ्या बनवायचे, आई दातांच्या दवाखान्यात मदतनीस. एरवी पंख्याच्या वेगावरूनही दोघांची जुंपायची. पोरगी दातांची डॉक्टर होणार, यावर मात्र कधी वादच झाला नाही. विषय भरून झाले होते, दोघांच्या सह्याही. तिची तेवढी राहिली होती.

बाबांनी कवळ्यांच्या साच्यांच्या प्लास्टरने पांढऱ्या झालेल्या बोटांनी पेन पुढे केलं. तिने ते घेऊन अर्जावर आडवं ठेवलं.

"अगं, यात आता ठरवायचं काय राहिलंय?" आई म्हणाली.

"तुमच्यापैकी एकाने तरी नको म्हणायचं होतं. दोघांनी एकाच बाजूने धरलंय मला, ताणच बसत नाही," भोंगा म्हणाली, आणि तिचाच आवाज तिला बारीक वाटला. "मला डॉक्टर व्हायचं नाही असं नाही. व्हायचंय का, तेही कळत नाहीये. उद्या शाळेत आठवड्याची मुदत मागणार आहे मी. तोवर तुम्ही दोघं थांबा."